रानडुकराच्या मढ्यातले शिसे आणि गिधाडे

प्रश्न : आमच्याकडे भात आणि भुईमुगाची रानडुकरे पार नासाडी करतात. वनविभागाच्या परवानगीने एखादे डुक्कर मारले, की त्याचे मढे कधीकधी ओढ्याकाठी तसेच पडून राहते. गोळीतल्या शिशाची बाधा ते मांस खाणाऱ्या पशुपक्ष्यांना होते का?
— एक शेतकरी वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : होते, आणि गिधाडांना ती फार लवकर होते. शिसे मऊ असल्यामुळे रायफलची वेगवान गोळी हाडावर आदळली की तिचा चुरा होतो आणि त्याचे कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसात व आतड्यांतही रुततात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. क्ष-किरण चित्रात मात्र पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातील रोगजंतू मारणारे तेच आम्ल शिसे विरघळवते, ते रक्तात उतरते आणि मज्जासंस्था बिघडवते. मग अन्ननलिका व आतडी हलेनाशी होतात, आणि गळ्याची पिशवी मांसाने गच्च भरलेली असतानाही पक्षी उपासमारीने मरतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया कॉन्डॉर या प्रचंड गिधाडाचे १९८२ मध्ये जेमतेम २२ पक्षी उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून ते पुन्हा रानात सोडले, तरी तिथे त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण शिसेच ठरले. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. तांब्याच्या गोळीचा असा चुरा होत नाही.

आपल्याकडची गिधाडे संपली ती प्रामुख्याने गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण वर्षाकाठी जेमतेम एक अंडे घालणाऱ्या या पक्ष्याच्या वाट्याला आता दुसरे विष येऊ नये, असे मला कळकळीने वाटते. आपला तालुका सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, त्यामुळे उघड्यावरच्या मढ्याकडे तरस, कोल्हेही येणारच. ठासणीच्या बंदुकीतले छर्रेही शिशाचेच असतात आणि ते अंगभर विखुरतात, तेव्हा जखमेभोवतीचे मांस कापून काढल्याने भागत नाही. पंचनामा झाला, की वनरक्षकांना सांगून मढे आतड्यांसकट, तरसाला उकरता येणार नाही इतके खोल पुरून घ्यावे, आणि खड्डा ओढ्यापासून दूर असावा.