वाचक विचारतात : डांबून ठेवल्याची भीती

प्रश्न : तळघरात डांबलेल्या मुलीवर कमी खर्चाचा थरारपट करतोय. एकच खोली, दोन कलाकार. पण चाचणी चित्रणात खोली मोठी वाटते, बल्ब लुकलुकतो आणि साखळी खोटी दिसते. काय चुकतंय?

उत्तर : खोली मोठी दिसते ती वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समुळे. ५० किंवा ८५ मिमीची लेन्स लावा, कॅमेरा बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि दार फ्रेमबाहेर जाऊ द्या. न दिसणारं दारच जास्त छळतं!

लुकलुक शटरची, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते त्याची. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झला १/६०. स्वस्त डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) एलईडी तरीही दगा देतो. साधा फिलामेंटचा बल्ब बरा.

साखळी रंगवलेली प्लास्टिकचीच असू द्या. खोटेपणा वजनाच्या अभावात आहे : हात उचलताना खांदा आधी ओढला गेला पाहिजे. खऱ्या लोखंडाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून जोडा, शिवाय रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतताही. मनगटाची कडी एका झटक्यात सुटणारी हवी, कुलूप कधीच नको. आणि प्रसंग शक्यतो क्रमाने चित्रित करा, नाहीतर मनगटावरचा वळ तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा ताजा दिसतो.