जुन्या स्कूटरवरचा आधीच्या मालकाचा थर्ड पार्टी विमा चालतो का?

आपण इंदूरमध्येच ओळखीच्या गृहस्थांकडून जुनी स्कूटर घेतली आहे, तिचा थर्ड पार्टी विमा (म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीची भरपाई देणारा) अजून सात महिने त्यांच्याच नावावर आहे, आणि मुदत संपेपर्यंत तो तसाच ठेवला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी इथे अपघात-भरपाईचे दावे चालवणारा वकील आहे. तसा ठेवू नका, असेच सांगेन.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १५७ आपल्या बाजूचे आहे. गाडी हस्तांतरित झाली की त्याच दिवसापासून पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असे ते मानते. त्यामुळे उद्या आपल्या स्कूटरच्या धक्क्याने एखादा पादचारी जखमी झाला, तर पॉलिसीवर जुने नाव आहे एवढ्याच कारणाने कंपनीला त्याची भरपाई टाळता येत नाही. मात्र नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा, असेही तेच कलम सांगते. शिवाय हे संरक्षण फक्त तिऱ्हाइतासाठी आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचाही विमा असलेल्या पॉलिसीत, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे.

आरसीवरील (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील) नावाची काळजी तर विकणाऱ्यानेही करायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच भरपाईसाठी मालक. केवळ स्टॅम्प पेपरवर मोटरसायकल विकलेले एक निवृत्त शिक्षक तीन वर्षांनी समन्स घेऊन माझ्याकडे आले होते. गाडी कोणाच्या हातात होती हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विमा केव्हाच संपला होता. विम्याविना गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे, पण मृत्यूच्या दाव्यात भरपाई कमावत्या माणसाच्या वयावर व उत्पन्नावर ठरते, आणि विमा नसेल तर ती मालकाच्या घरातून वसूल होते. त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते: निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या मागे बसलेली व्यक्ती तिऱ्हाईत धरली जात नाही. घरातले कोणी रोज मागे बसत असेल, तर मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० भरून आरसी आपल्या नावावर झाल्यावर पॉलिसीवर नाव चढवताना मागे बसणाऱ्याचे संरक्षणही त्याच वेळी मागून घ्या.