जुन्या जीपला नवे इंजिन

प्रश्न : माझ्या महिंद्रा एमएम ५४० चे मूळ २११२ सीसी प्युजो इंजिन झिजले आहे. त्याऐवजी बोलेरोचे २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) इंजिन बसवता येईल का?

उत्तर : बसवता येईल, मात्र इंजिन विकत घेण्याआधीच परिवहन कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि विक्रेत्याकडे इंजिन क्रमांकाची कागदपत्रे नसतील तर सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

खरी अडचण जोडणीत येते. क्लच प्लेटचे दाते तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळायला हवेत. बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे क्लचभोवतीचे कवच) तसूभर तिरके बसले, तरी पायलट बेअरिंग, म्हणजे त्या शाफ्टचे इंजिनाकडचे टोक पेलणारे बेअरिंग, लवकर खराब होते. पुढचा अॅक्सल खड्ड्यात वर उचलला जातो आणि सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) आपटू शकतो, म्हणून सम्पच्या तळाला शाडूचा गोळा चिकटवून गाडी सावकाश खडबडीत रस्त्यावर फिरवावी. गोळा चेपला, तर इंजिनाचे माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते आधार) बदलावे लागेल. रेडिएटरही मोठा लागू शकतो. मेकॅनिक 'बघून घेऊ' म्हणतो ते नेमके याच कामांबद्दल. मूळ इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) शाबूत असेल, तर मी आधी त्याच्याच बोअरिंगचा, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून नीट करण्याचा, खर्च विचारला असता.