प्रश्नावली बदल, मगच फलाटावर जा

प्रिय मित्रा,

मुंबईच्या लोकलमध्ये बायका आणि पुरुषांना किती सुरक्षित वाटतं, या पाहणीसाठीची तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण 'लोकलमध्ये तुम्हाला सुरक्षित वाटतं का?' हा पहिलाच प्रश्न काढून टाक. बोरिवलीची बाई त्याला 'हो' म्हणेल, तिचा नवराही 'हो' म्हणेल आणि दोघांत फरक नाही असं तू अहवालात लिहून मोकळा होशील.

तिचं 'हो' कशावर उभं आहे ते बघ. लेडीज डबा जिथे येतो तिथेच ती थांबते. जनरलमध्ये चढायची वेळ आली तर बॅग छातीशी धरते आणि कोपर बाहेर काढते. रात्री डब्यात कोण बसलंय हे आधी खिडकीतून बघते. 'दादर सोडलं' असा घरी मेसेज करते. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात दोन पुरुषांमध्ये बसायचं नाही म्हणून जास्त पैसे मोजते. एवढं सगळं केल्यावर तिला सुरक्षित वाटतं. पुरुषालाही भीती असतेच: पाकीट जाण्याची, मोबाइल हिसकावला जाण्याची, दारातून पडण्याची. तीही नोंदव, ती खोटी नाही. पण गर्दी ओसरली की त्याला हायसं वाटतं. बाईला गर्दीत नको ते स्पर्श सोसावे लागतात आणि डबा रिकामा झाला की वेगळीच धास्ती लागते.

म्हणून विचार, कुठली गाडी तुम्ही मुद्दाम सोडता? उशिरा सुटणारी कुठली नोकरी नाकारली? आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: प्रवासात तुम्ही डोळा लागू देता का, आणि कुठल्या डब्यात? ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त बायकांसाठीची लोकल, सुरू झाली. त्या गाडीत दमलेल्या बायका शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून बिनघोर झोपतात. पुरुष कुठल्याही डब्यात तसा झोपतो, म्हणून ही सवलत आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

तक्रारींच्या आकड्यांवर विसंबू नकोस. कुर्ला सोडल्यावर कुणी अंगचटीला आलं तर बाईने मध्येच उतरायचं, लोहमार्ग पोलिसांपुढे सगळं पुन्हा सांगायचं, लेटमार्क घ्यायचा, आणि घरी कळलं तर नोकरीच बंद व्हायची भीती. म्हणून ती गप्प राहते. घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात; रेल्वेची १३९ ही हेल्पलाइन आहे. हे किती जणींना माहीत आहे, तेही विचार.

आणखी एक. लेडीज डब्यात तू चढायचं नाहीस, पाहणीसाठीसुद्धा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली तो गुन्हा आहे आणि तुला बघून आतल्या बायका सावध होतील ते वेगळंच. तिथली उत्तरं तुझ्या सहकारी मुलीला घेऊ दे. तिला प्रश्न बदलायचे असतील तर बदलू दे, तिला ते तुझ्याहून चांगले कळतात.

सुरुवात दादरच्या पुलावरून नको, तिथे थांबायला कुणाला वेळ आहे? विरारला किंवा कल्याणला जा. तिथून सुटणाऱ्या गाड्यांमध्ये बायका आधीच जागा धरून बसतात, त्या मोकळेपणी बोलतील. नवी प्रश्नावली तयार झाली की पाठव, लगेच बघते.

तुझी ताई