टाटा सिएरा घेण्यापूर्वी

पुण्यात तयार झालेली आणि १९९१ साली बाजारात आलेली तीन दारांची सिएरा मोटार विकत घ्यावी असे तुमच्या मनात आले, याचा मनापासून आनंद वाटला. इंजिनाची फार चिंता करू नका. तिचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन टाटांच्या ‘इस्टेट’ या मोटारीतही असल्यामुळे जुना, जाणता मिस्त्री ते सांभाळून घेतो. खरी परीक्षा पत्र्याची आहे. मागच्या बाजूची, छताकडे वळत गेलेली मोठी खिडकीची काच हे या गाडीचे वैभव. परंतु तिच्याभोवतीचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी आत झिरपते आणि गालिच्याखालचा पत्रा नकळत सडतो, म्हणून गालिचा उचलून, पत्रा बोटाने दाबून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. काचच तडकलेली असेल, तर ती गाडी सोडून द्यावी, कारण तशी दुसरी काच मिळणे महाकठीण आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- ताज्या रंगाला भुलणे आणि त्याखालचे पुटिंग, म्हणजे पत्र्याचे दोष झाकणारा लेप, न तपासणे.
- चासी व इंजिन क्रमांक आरसीशी ताडून न पाहणे, तसेच पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, याची खात्री न करणे.
- रुंद टायरांवर आधी खर्च करणे.

पहिला खर्च ब्रेक आणि रेडिएटरच्या होजपाइपांवर करावा. रंगाचे पुढच्या पावसाळ्यानंतर पाहू.