वाचकांचे प्रश्न : प्रेस्टनचा १८८८-८९ चा अपराजित हंगाम

प्रश्न : आर्सेनलने २००३-०४ मध्ये एकही सामना न गमावता प्रीमियर लीग जिंकली, त्या वेळी प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने असाच पराक्रम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला होता, असे वाचनात आले. परंतु तेव्हा संघ बारा आणि सामने अवघे बावीस. आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवर वाद रंगतात, त्यात काही जण हा विक्रम मोजतच नाहीत. त्याचे मोल नेमके किती मानावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोजायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आर्सेनलशी तराजूत घालून नव्हे, तर त्या काळच्या फुटबॉलच्या पार्श्वभूमीवर.

प्रथम आकडे पाहू. प्रेस्टनने २२ सामन्यांपैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ७४ गोल केले आणि फक्त १५ स्वीकारले. त्यांचे ४० गुण झाले, तर दुसऱ्या क्रमांकावरील ॲस्टन व्हिलाचे २९. आर्सेनलने ३८ सामन्यांत २६ विजय आणि १२ बरोबरी अशी कामगिरी केली. सामने कमी होते हे खरेच, पण एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते : प्रेस्टनने त्याच हंगामात एफ. ए. चषकही (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, आणि तोही पाच सामन्यांत एकही गोल न स्वीकारता. ३० मार्च १८८९ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर अंतिम सामन्यात त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सला ३-० असे हरवले. म्हणजे लीग आणि चषक मिळून सलग २७ सामने त्यांनी हार पाहिली नाही. आदल्याच वर्षी चषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून १-२ असा पराभव पत्करावा लागलेल्या संघाने हे करून दाखवले, म्हणून मला त्याचे अधिक अप्रूप वाटते.

आता खेळाची स्थिती पाहावी. पेनल्टी किक नव्हती आणि गोलाला जाळीही नव्हती. या दोन्ही गोष्टी १८९१ मध्ये आल्या. त्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावरूनच वाद होत. प्रत्येक संघाचा एकेक पंच मैदानावर असे, आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही तरच बाहेर उभ्या असलेल्या मुख्य पंचाकडे निर्णय जाई. बदली खेळाडूची सोय नव्हती; कोणी जायबंदी झाला तर उरलेल्या दहा जणांनी सामना पुरा करायचा. गोलरक्षकाला खांद्याने धक्का देऊन पाडणेही नियमात बसत होते. अशा परिस्थितीत सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चिखलातल्या मैदानांवर खेळून सरासरी एका सामन्यात एकही पुरा गोल न स्वीकारणे, याला मी मोठी कामगिरी म्हणतो.

६ ऑक्टोबर १८८८ चा स्टोकविरुद्धचा सामना जवळून पाहण्यासारखा आहे. स्टोकचा संघ प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पोहोचला तो दोन खेळाडू कमी घेऊन. तेव्हा प्रेस्टनने आपल्याच राखीव खेळाडूंपैकी दोघे पाहुण्यांना उसने दिले, म्हणजे ते दोघे त्या दुपारी आपल्याच संघाविरुद्ध उतरले. प्रेस्टनने ७-० असा विजय मिळवला. जिमी रॉसने एकट्याने चार गोल केले आणि लीगच्या सामन्यात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. उसन्या खेळाडूंचा हा प्रसंग वाचून काहींना ती स्पर्धा कच्ची वाटेल, आणि व्यवस्था कच्ची होतीच. पण याच संघाने पुढे नॉट्स काउंटीला त्यांच्या घरच्या मैदानावरही ७-० असेच हरवले, हे विसरू नये.

प्रश्न : एवढा बलाढ्य संघ एका गिरणीच्या गावात उभा कसा राहिला?

उत्तर : माझ्या दृष्टीने खरा विषय हाच आहे, कारण १८८८ चे यश १८८४ मधील एका कबुलीत रुजलेले आहे. प्रेस्टन हे लँकेशायर परगण्यातील कापूसगिरण्यांचे गाव. गिरण्यांना शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली होती आणि त्या दुपारी पैसे मोजून सामना पाहणारा कामगारवर्ग तयार झाला होता. गिरणीचे व्यवस्थापक विल्यम सडेल यांच्या हाती संघाची सूत्रे होती. त्यांनी स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणले, त्यांना गावात नोकऱ्या लावून दिल्या आणि पैसेही दिले. तेव्हा खेळाडूला मोबदला देणे नियमबाह्य होते. जानेवारी १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क संघाने चषकाच्या सामन्यानंतर तक्रार केली, तेव्हा सडेल यांनी ही गोष्ट उघडपणे मान्य केली. प्रेस्टनला स्पर्धेतून बाद करण्यात आले. परंतु उत्तरेकडील संघ वेगळी संघटना काढण्याच्या तयारीला लागले आणि अखेर जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली.

स्कॉटिश खेळाडूंनी आणलेला मोठा वारसा म्हणजे पासचा खेळ. चेंडू पायाशी ठेवून एकट्याने घुसण्याऐवजी एकमेकांकडे देत पुढे सरकण्याची ती रीत होती. त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा जॉन गुडॉल जन्माने लंडनचा होता, पण तोही स्कॉटलंडमधील किल्मार्नॉकमध्ये वाढलेला. उलट फ्रेड ड्यूहर्स्ट हा शाळामास्तर हौशी म्हणून खेळत असे, आणि ८ सप्टेंबर १८८८ रोजी बर्नलीविरुद्ध लीगमधला प्रेस्टनचा पहिला गोल त्याचाच होता. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो : संघाचा खंदा बचावपटू आणि जिमीचा थोरला भाऊ निक रॉस नेमका त्याच वर्षी एव्हर्टनकडे गेला होता. तो नसताना बचाव इतका अभेद्य राहिला, याचे श्रेय हॉवर्थ आणि होम्स या जोडीला द्यायला हवे.

पगार द्यायचे म्हणजे दर आठवड्याला गल्ला जमायला हवा, आणि मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द होत किंवा अगदीच एकतर्फी होत. ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रेस्टनने हाइड संघाला चषकाच्या सामन्यात २६-० असे हरवले होते. असले सामने पाहायला लोक किती वेळा येणार? ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी निवडक संघांना पत्र पाठवून ठरलेल्या सामन्यांची कल्पना मांडली आणि १७ एप्रिलला मँचेस्टरमध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली. बारापैकी सहा संघ लँकेशायरचे होते, सहा मिडलँड्सचे, म्हणजे मध्य इंग्लंडचे. सडेल लीगचे पहिले खजिनदार झाले.

प्रश्न : गुण देण्याची पद्धत तेव्हा कशी होती?

उत्तर : हंगाम सुरू झाला तेव्हा ती ठरलीच नव्हती. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण हा निर्णय नोव्हेंबर १८८८ मध्ये झाला. तोवर प्रेस्टनने पहिले सहाही सामने जिंकले होते आणि ॲक्रिंग्टनशी ०-० अशी पहिली बरोबरीही झाली होती. ५ जानेवारी १८८९ रोजी नॉट्स काउंटीला ४-१ असे हरवून त्यांनी तीन सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले.

प्रश्न : पुढे या संघाचे काय झाले?

उत्तर : सप्टेंबर १८८९ मध्ये ॲस्टन व्हिलाने ५-३ असे हरवून ही मालिका संपवली, तरी १८८९-९० चे विजेतेपदही प्रेस्टननेच राखले. त्यानंतर सलग तीन हंगाम ते दुसरे आले. सडेल यांच्यावर गिरणीच्या पैशांच्या अपहाराचा आरोप सिद्ध होऊन १८९५ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली; सुटकेनंतर ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथेच १९११ मध्ये वारले. त्या पैशातला काही भाग संघावर खर्च झाला होता. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना गौरव आणि गुन्हा या दोन्हींची नोंद करावी लागते, आणि तरीही खेळाडूच्या घामाला उघडपणे दाम मिळावा यासाठी ते उभे राहिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. प्रेस्टन आजही डीपडेलवरच खेळतो. १८९० नंतर इंग्लंडमधील अव्वल श्रेणीचे विजेतेपद मात्र त्याच्याकडे परतलेले नाही.