पहिली शिडाची होडी: कोणता नकाशा घ्याल?

घरी स्वतः शिडाची होडी बांधायची म्हणून तुम्ही अठरा फुटी, केबिनवाल्या होडीचा बांधणीचा नकाशा निवडलात. तो देखणा आहे, पण पहिल्या होडीसाठी नको. लांबी वाढली की लाकूड, इपॉक्सी (रेझिनचा पक्का गोंद) आणि मेहनत कितीतरी पटींनी वाढते, आणि काम अर्ध्यावर अडकतं.

आठ ते अकरा फुटांत राहा. मी ‘मिरर’ ही छोटी होडी सुचवेन. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची 1962 ची रचना, लांबी सुमारे 3.3 मीटर. प्लायवुडच्या कापलेल्या तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. सुतारकाम जेमतेम येत असलं तरी जमतं. लहान मुलासाठी हवी असेल तर ‘ऑप्टिमिस्ट’ घ्या, मोठ्या माणसाला मात्र ती अपुरी पडते.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- फोटो बघून अंदाजाने मापं काढतात. पूर्ण नकाशे विकत घ्या, त्यांत साहित्याची यादी हवीच.
- दार आणि जिना मोजत नाहीत. होडी तयार होते आणि बाहेरच निघत नाही!
- साधं प्लायवुड आणतात. आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचं भारतीय मानक) मागा. आधी छोटा तुकडा आणून पाण्यात उकळा. थर सुटले तर तो माल नको.
- नकाशापेक्षा मोठं शीड लावतात. हे अजिबात करू नका, होडी कलंडते.

शिडांच्या प्रकारांत आत्ता शिरू नका. या आठवड्यात पुठ्ठ्याचं एकास दहा मापाचं मॉडेल करा. तुकडे कुठे जुळत नाहीत ते मला कळवा, नक्की मदत करेन.